सात घरांचा ट्रे आणि आमच्या सासूबाई: ही लेव्हल सुटते तरी का?

केतकी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. प्रश्न साध्या मोबाइल गेमचा आहे, पण घरात वातावरण तापलंय म्हणून इथे टाकतेय.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. दुपारी झोप येत नाही म्हणून नणंदेने त्यांच्या टॅबवर एक नवीन जुळवाजुळवीचा गेम टाकून दिला. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. किटल्या, छत्र्या, वांगी, कलिंगडं अशा चित्रांच्या टाइल एकमेकींवर रचलेल्या असतात. एक उचलली की ती खालच्या सात घरांच्या ट्रेमध्ये जाते. एकसारख्या तीन जमल्या की गायब. ट्रे भरला की खेळ खलास. वरची हलवल्याशिवाय खालची मिळत नाही.

सुरुवातीच्या लेव्हल आईंनी पटापट उडवल्या. आता एकीवर अडकल्यात. दरवेळी शेवटी थोड्याच टाइल राहतात, ट्रे भरतो आणि स्क्रीनवर पाटी येते की पैसे भरा आणि एक जास्तीचं घर घ्या. नवरा म्हणतो, "आई, ती न सुटणारीच केलीय, तुझ्याकडून पैसे काढायला." आई म्हणतात, "गणित घातलंय म्हणजे उत्तर असणारच. मी आयुष्यभर तेच शिकवलंय." पैज लागलीय. हरणाऱ्याने रविवारी सगळ्यांना मिसळ खिलवायची.

तर जाणकारांनी सांगावं. अशा लेव्हल पैसे न भरता सुटण्याजोग्या असतात का?

आळशी_बोका

मिसळ कुठली ते आधी ठरवा. लेव्हलचं नंतर बघू.

पाथर्डीफाटा

बोक्याला +१. आणि 'सगळ्यांना' यात धागा वाचणारे धरलेत का?

पंचवटीचा_पासवाला

सुटतात हो. पण कंपनीला घाई असते तुम्ही हरायची.

मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. आमच्या डब्यात पूर्वी रमी चालायची, आता अर्धा डबा मान खाली घालून टाइल उचलतो. एक गंमत सांगतो. नाशिकरोडपासून इगतपुरीपर्यंत दर लेव्हलनंतर जाहिरात. इगतपुरी सुटली, घाटातले बोगदे सुरू झाले, नेटवर्क गेलं की जाहिराती बंद! गेम मात्र चालूच. कसाऱ्यापर्यंत काय सुख असतं महाराजा. आमच्यातला एक जण तर कल्याणपर्यंत फोन विमान मोडवरच ठेवतो. बायकोने फोन केला तर 'घाटात होतो' म्हणून सांगायचीही सोय.

मीनल_जेलरोड

पासवाले, ही युक्ती सगळीकडे चालत नाही. काही गेम नेट नसेल तर उघडतच नाहीत. पण आईंच्या गेमला चालली तर अर्धा ताप जाईल. जाहिरातीत चुकून बोट लागून भलतंच अ‍ॅप उतरतं ना, तेही थांबेल.

गंभीर_गोदाकाठ

ज्येष्ठांच्या हाती असली खेळणी देऊन आपण काय साधतो? शहरात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकं आहेत. गप्पा आहेत. घाटावर फिरणं आहे. आणि आपण चर्चा करतोय ती तीन वांगी जुळवायची! या खेळांची रचनाच माणसाला खिळवून ठेवण्यासाठी असते. थोडक्यात हुकलं असं दाखवायचं, म्हणजे पुन्हा बसावंसं वाटतं. जुगाराच्या यंत्रात हेच तंत्र असतं.

आळशी_बोका

गंभीरकाका, तुमचं म्हणणं खरं आहे, पण दुपारी दोन वाजता एप्रिलमध्ये घाटावर कोण फिरतं?

गंभीर_गोदाकाठ

मी.

पाथर्डीफाटा

:))

नोटप्रेसवाले_काका

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. नोटांचे ताव तपासायचं काम. हजारो एकसारख्यांत एखादी वेगळी दिसली पाहिजे, हीच नोकरी. आता नातवाने हा असलाच एक खेळ दिलाय. त्यात वेगळ्यांच्या ढिगात एकसारख्या शोधायच्या! सगळा जन्म उलटा झाला. पण हात बसलाय म्हणा, नातू माझ्या मागे आहे.

केतकीताई, एक सांगू का? तुमच्या सासूबाई बहुतेक जोडी दिसली की उचलत असतील. तिथेच घात होतो. तिसरी टाइल डोळ्यासमोर उघडी असल्याशिवाय जोडी उचलायची नाही. तीन वेगवेगळ्या जोड्या ट्रेमध्ये बसल्या की सहा घरं गेली, उरलं एक. त्या एका घरात त्या तिन्हींपैकी कुणाची तरी तिसरी आलीच पाहिजे, नाहीतर राम म्हणा.

दुसरं म्हणजे दोन टाइलमध्ये निवड असेल तर जिच्याखाली जास्त टाइल दबल्यात ती घ्यावी. कोपऱ्यातली सुटी टाइल कुठे पळून जात नाही.

मीनल_जेलरोड

काका, कोपऱ्यातल्या टाइलचं पटलं. मी नेमकी ती आधी साफ करत बसते.

कोडकरी

मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करतो (हा गेम आमचा नाही, मारू नका). मूळ प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. लांबेल.

सात घरांच्या गेममध्ये लेव्हल दोन प्रकारे बनवता येते.

पहिला प्रकार म्हणजे उलटीकडून रचणं. पट रिकामा धरायचा आणि शेवटच्या चालीपासून मागे येत तीन-तीन एकसारख्या टाइल ठेवत जायच्या. ज्या क्रमाने ठेवल्या त्याच्या उलट क्रमाने उचलल्या की पट साफ. अशी लेव्हल सुटतेच, कारण उत्तर आधी तयार असतं आणि गणित मागाहून. काकूंचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं.

दुसरा प्रकार आळशी माणसाचा. टाइलच्या जागा ठरवायच्या, प्रत्येक चित्राची संख्या तीनच्या पटीत ठेवायची आणि चित्रं पिसून वाटून टाकायची. यात एखादा डाव असा पडू शकतो की कुठल्याही क्रमाने उचला, ट्रे भरणारच. तीनच्या पटीत आहेत म्हणजे सुटणार, असं नाही. एका चित्राची तिसरी टाइल अगदी तळाला दबलेली असेल आणि असं पाच-सहा चित्रांचं झालं तर काय करणार? केतकीताईंच्या यजमानांचं म्हणणं इथे निम्मं खरं. निम्मं अशासाठी की तो डाव कुणी मुद्दाम तसा लावलेला नसतो, फक्त कुणी तपासलेला नसतो.

हे काही आजचं नाही. १९८६ साली 'शांघाय' नावाचा माहजाँगच्या (जुना चिनी खेळ) टाइल जोडीने उचलायचा गेम आला. तो याचा आजोबा म्हणायला हरकत नाही. त्या जातीच्या खेळातही न सुटणारे डाव पडायचे. आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये चीनमध्ये 'शीप अ शीप' नावाचा अगदी हाच सात घरांचा गेम इतका पसरला की सर्व्हर कोसळले. पहिली लेव्हल पोरखेळ, दुसरी जवळजवळ कुणाला सुटेना. लोक चिडून चिडून खेळत होते, आणि म्हणूनच तो पसरला.

पंचवटीचा_पासवाला

म्हणजे आपल्याला चिडवणं हाच धंदा!

कोडकरी

पासवाले, पुरतं चिडवून चालत नाही. फार चिडलेला माणूस गेम काढून टाकतो. आम्ही बघतो की अमुक लेव्हलला किती लोक अडकले आणि त्यातले किती कायमचे गेले. गेलेले वाढले की लेव्हल सोपी करतो. मोठ्या कंपन्या तर माणसाआधी यंत्राकडूनच लेव्हल खेळून घेतात. कँडी क्रश बनवणाऱ्या किंगच्या लोकांनी २०१८ साली यावर निबंधही प्रसिद्ध केला आहे: माणसासारख्या चाली शिकवलेला प्रोग्रॅम नवीन लेव्हलवर सोडायचा आणि लोकांना ती किती अवघड जाईल त्याचा अंदाज घ्यायचा.

शुभदा_सिडको

कँडी क्रशचं नाव निघालंच! मी त्याच्या पहिल्या लाटेतली. २०१२ साली आधी फेसबुकवर आला, मग वर्षअखेरीला मोबाइलवर. लाइफ म्हणजे खेळायची संधी, हरलं की एक जाते. तेव्हा सगळ्या नातेवाइकांना 'मला लाइफ पाठवा' म्हणून विनंत्या जायच्या. लग्नात न बोललेली माणसं लाइफ मागायला बोलायची. :)

पाच लाइफ आणि प्रत्येक परत यायला अर्धा तास. पाचही संपल्या की अडीच तास वाट बघा. भाचा हुशार, फोनचं घड्याळ पुढे करायचा, लाइफ भरायच्या. एकदा ते मागे करायला विसरला आणि पेट्रोल पंपावर पैसे देताना एकही अ‍ॅप चालेना. मागे रांग, हॉर्न, आणि हा तारीख बदलतोय.

आळशी_बोका

हसून हसून पुरेवाट. पेट्रोलसाठी लाइफ मागायची ना नातेवाइकांकडे.

नाशिकचा_पुणेकर

इतिहास अर्धवट सांगू नये. तीन जुळवायचे खेळ कँडी क्रशने आणले नाहीत. रशियात १९९४ साली 'शारिकी' नावाचा डॉसवरचा (जुन्या कॉम्प्युटरवरचा) खेळ आला, त्यात रंगीत गोळे होते. मग २००१ साली पॉपकॅपचा 'बिज्वेल्ड'. कँडी क्रशने गोळ्या-चॉकलेटं घातली आणि लाइफ लावल्या. पुढे किंग कंपनी ५.९ अब्ज डॉलरला विकली गेली. ज्याने रशियात बसून गोळे बनवले त्याचं नावही कुणाला माहीत नाही.

पाथर्डीफाटा

तुम्हालाही नाही का? :P

नाशिकचा_पुणेकर

येव्हगेनी अलेम्झिन. आम्ही माहिती अर्धवट देत नाही.

पाथर्डीफाटा

दंडवत.

गंभीर_गोदाकाठ

५.९ अब्ज डॉलर! आणि तुम्ही मला विचारता की दुपारी घाटावर कोण फिरतं.

नेत्रा_कॉलेजरोड

डोळे तपासायचं काम करते म्हणून थोडंसं अवांतर. गंभीरकाकांइतकी मी कडक नाही. पण स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघा. इंदिरानगरात गच्ची असेल तर पांडवलेणीचा डोंगर बघा, वीस फुटांहून बराच लांब आहे. टॅब मांडीत ठेवून मान मोडू नये, उशीवर उंच ठेवावा. आणि जवळचं काम करायला दिलेला चष्मा घालावा, नाकावर घसरलेला दुभिंगी नव्हे.

शिवाय 'मेंदूला व्यायाम' म्हणून कुणी गेम विकत असेल तर फार भुलू नका. अमेरिकेत 'ल्युमॉसिटी' या मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपने असेच दावे केले होते. २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने दिशाभूल केली म्हणून त्यांच्याकडून २० लाख डॉलर वसूल केले. टाइल जुळवून माणूस टाइल जुळवण्यात तरबेज होतो, किराणा विसरायचा तो विसरतोच. मजा येते म्हणून खेळा, तेवढं कारण पुरेसं आहे.

नोटप्रेसवाले_काका

किराणा विसरतो हे कुणी सांगितलं तुम्हाला? सौ. इथे सदस्य आहे की काय!

दिंडोरीची_सून

मी द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम केलंय. सीझनला दिवसभर टेबलासमोर उभं राहून घड निवडायचे. रंग बघायचा, मण्याचा आकार बघायचा, डागाळलेला मणी कात्रीने काढायचा, वजन जमवून पनेटमध्ये (प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात) भरायचं. घरी आल्यावर डोळे मिटले तरी घडच दिसायचे. जाऊबाई हा गेम खेळतात आणि म्हणतात टेन्शन जातं. मला तो बघितला की कामावर गेल्यासारखं वाटतं. फुकट कोण निवडणार एवढं? :D

मीनल_जेलरोड

दिंडोरीची_सून, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

भाबडा_सातपूर

पण सरकारने ऑनलाइन गेम बंद केले ना? मग हे कसे चालतात? सासूबाईंना काही होणार नाही ना?

कोडकरी

भाबडा, नाही. २०२५ च्या ऑगस्टमधला कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. इथे काकूंना पैसे जिंकायचेच नाहीत. फार तर घालवता येतील.

भाबडा_सातपूर

धन्यवाद. आमच्याकडे आईला भीती वाटत होती.

शुभदा_सिडको

घालवण्यावरून आठवलं, त्या जास्तीच्या घराच्या पाटीवर चुकून बोट पडायला वेळ लागत नाही. केतकी, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारायचं सुरू कर. आमच्या शेजारी नातवाने आजोबांच्या फोनवरून गेममधले हिरे विकत घेतले होते. अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्ले स्टोअरवरून परताव्याची विनंती टाकली, पैसे परत आले. नंतर लक्षात आलं असतं तर गेम कंपनीच्या दारात जावं लागलं असतं.

पंचवटीचा_पासवाला

आणि त्या जाहिरातींवर कुणी बोलणार आहे का? जाहिरातीत दाखवतात राजाच्या अंगावर लाव्हा येतोय, खिट्टी ओढा, वाचवा. गेम उतरवला की आत तीन लाल, तीन निळे. राजा कुठे आहे?

नाशिकचा_पुणेकर

पासवाले, ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० साली याच कारणावरून 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स'च्या दोन जाहिरातींवर बंदी घातली होती. जाहिरातीत दिसणारी खिट्ट्यांची कोडी प्रत्यक्ष गेममध्ये फारशी नव्हतीच.

पाथर्डीफाटा

धागा भरकटलाय. लेव्हल सुटली का? मिसळ?

केतकी_इंदिरानगर

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. शुभदाताई, ठशाचं सेटिंग केलं. विमान मोडची युक्तीही चालली, आई खूश आहेत, पासवाल्यांना आशीर्वाद दिलेत.

कोडकरी, तुमचा पहिला प्रकार-दुसरा प्रकार आईंना वाचून दाखवला. त्यांचा प्रश्न: आपला गेम कुठल्या प्रकारचा, हे बाहेरून कसं ओळखायचं?

कोडकरी

काकूंनी बरोब्बर तोच प्रश्न विचारला. लेव्हल सुरू झाली की स्क्रीनशॉट काढा. हरल्यावर पुन्हा सुरू करा, पुन्हा काढा. शेजारी ठेवून बघा.

रचनाही तीच आणि चित्रंही तीच असतील तर लेव्हल हाताने बांधलेली आहे. मग खालच्या थरांत काय आहे ते वहीत टिपून ठेवता येईल, दुसऱ्यांदा खेळताना उपयोगी पडेल. आणि बांधणाऱ्याने सहसा ती स्वतः सोडवून बघितलेली असते. रचना तीच पण चित्रं बदलत असतील तर मात्र दरवेळी पिसून वाटलेला डाव आहे. नक्की खात्री यानेही होत नाही, कारण उलटीकडून रचणारा प्रोग्रॅमही दरवेळी नवीन रचू शकतो. पण अंदाज येतो.

नाशिकचा_पुणेकर

ती लेव्हल मुळात सुटते की नाही हे सरळ कॉम्प्युटरलाच का विचारत नाही?

कोडकरी

सगळ्या टाइल माहीत असतील तर एका लेव्हलपुरतं विचारता येतं, चालतंही बऱ्यापैकी. पण पट मोठा होत गेला की शक्यता भयानक वाढतात. कँडी क्रशच्या बाबतीत टोबी वॉल्श या संगणकशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये दाखवलं की तो 'एनपी-हार्ड' आहे. म्हणजे हव्या तेवढ्या मोठ्या पटासाठी, इतक्या चालींत इतके गुण होतील का, याचं झटपट उत्तर देणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. बरं, काकूंना खालच्या टाइल दिसतही नाहीत. कॉम्प्युटर डोळे उघडे ठेवून अडखळतो, काकू अर्धे मिटून खेळतायत.

केतकी_इंदिरानगर

टायपिंग माझं, मजकूर आईंचा. जसा सांगितला तसा लिहितेय.

"मी केतकीची सासू. फोटो काढून बघितले. रचना तीच असते, चित्रं प्रत्येक वेळी वेगळी. म्हणजे पिसलेला डाव. तेव्हा चिरंजीवांचंही पूर्ण खरं नाही आणि माझंही नाही. मात्र यातून एक कळलं. लेव्हल उघडल्याबरोबर टाइल उचलायची नाही. आधी वर उघड्या असलेल्यांत चित्रांचे प्रकार किती ते मोजायचे. प्रकार कमी आणि तीन-तीनचे दोन गट समोरच दिसत असतील तर खेळायचं. सगळं वेगवेगळंच पसरलेलं असेल तर रमीत वाईट पानं आल्यावर करतो तसं, लगेच सोडून द्यायचं. लाइफ जाते, पण ती अर्ध्या तासाने येते. तेवढ्यात चहा होतो. प्रेसवाल्या भाऊंची तीन जोड्यांची सूचना फार उपयोगी पडली. काल रात्री ती लेव्हल गेली. एक रुपया भरला नाही. गोदाकाठच्या भाऊंना सांगणे की वाचनालयात मी दर शनिवारी जाते. त्यांचं पुस्तक वेळेवर परत असतं का?"

गंभीर_गोदाकाठ

असतं. (नमस्कार सांगावा.)

आळशी_बोका

सासूबाईंचा विजय असो!!

नोटप्रेसवाले_काका

वहिनी, अभिनंदन. पुढे याच्यापेक्षा वाईट येणार आहे. बर्फात गोठलेल्या टाइल असतात, शेजारच्या टाइल उचलल्या की बर्फ फुटतो. तेव्हा पुन्हा या.

पाथर्डीफाटा

पण मग पैज कोण हरलं?

केतकी_इंदिरानगर

तोच वाद आता चालू आहे. नवरा म्हणतो, न सुटणारे डाव पडू शकतात हे सिद्ध झालं. आई म्हणतात, 'लेव्हल सुटते का' असा प्रश्न होता आणि ती सुटली.

नाशिकचा_पुणेकर

प्रश्नाचा मसुदा पाहता सासूबाई जिंकल्या. 'प्रत्येक डाव सुटतो का' असं कुणी विचारलंच नव्हतं.

दिंडोरीची_सून

सासूबाईच जिंकल्या. यजमानांना मिसळ द्यायला लावा. आणि पापड जास्तीचा.

रंगहीन

उशिरा आलो. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे जुने गोळेवाले खेळ मला कधी जमलेच नाहीत. वर्णनावरून इथे वांगं आणि कलिंगड आकारावरून ओळखता येईल असं वाटतंय. पण एका रंगाची छत्री आणि दुसऱ्या रंगाची छत्री असा प्रकार आहे का? असेल तर उतरवत नाही.

केतकी_इंदिरानगर

रंगहीन, छत्र्या दोन प्रकारच्या आहेत, पण एक उघडी आणि एक मिटलेली. आत्ता आईंना विचारून आले. सफरचंद मात्र लाल आणि हिरवं असं दोन्ही आहे, आकार सारखाच. हिरव्याला एक पान आहे, लाल्याला नाही. व्यक्तिगत निरोप करा, नाव पाठवते.